चुन्याची भिंत आणि निळं कापड : जिनिंगच्या गोदामातल्या एका प्रदर्शनाचा प्रकरण अभ्यास

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात फेब्रुवारीत बारा दिवसांचं प्रदर्शन भरलं. एकाच कलावंत बाईंची प्रायोगिक छायाचित्रं आणि लोखंडी शिल्पं त्यात मांडली होती. व्यक्तींची, गावाची आणि संस्थेची नावं इथे दिलेली नाहीत. ज्यांना गॅलरीबाहेर, म्हणजे शाळेत, समाजमंदिरात किंवा जुन्या कारखान्यात असं काही मांडायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

प्रदर्शनात तीन प्रकारची कामं होती. पहिली, सायनोटाइप म्हणजे लोहक्षारांच्या निळ्या छपाईची: २२ कागदावर आणि ६ मांजरपाटावर. प्रत्येक कापड एक मीटर रुंद, अडीच मीटर लांब. दुसरी, वनस्पतींच्या रसावर उन्हाने उमटवलेली ८ चित्रं, काही पळसाच्या फुलांच्या रसाची, काही हळदीची. तिसरी, भंगारातून जोडलेली ९ शिल्पं. बैलगाडीच्या चाकाच्या धावा, वखराच्या पासा (मातीत चालणारी लोखंडी पाती), नांगराचे फाळ, साखळ्या असं सगळं त्यांत होतं. सर्वांत मोठं शिल्प सात फूट उंच, तीन पायांचं आणि साधारण १४० किलोचं.

निळी चित्रं आणि लोखंड शेजारी ठेवण्यामागे ठाम विचार होता. सायनोटाइपची रीत जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधली. अभियंत्यांची ब्लूप्रिंट याच रीतीने निघायची. त्यातला निळा रंग, म्हणजे प्रशियन ब्लू, हे लोखंडाचंच संयुग आहे. विदर्भात लोखंड फार जुनं आहे. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला महापाषाणकालीन लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात मिळाली आहे. कापडावर उमटलेली पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, निळी सावली आणि त्याच पऱ्हाटीत चालणाऱ्या डवऱ्याची पास एकाच धातूची आहेत, हे पाहणाऱ्याला एका नजरेत दिसावं, असा मांडणीचा हेतू होता.

छपाईचं प्रमाण नेहमीचंच. १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलीत १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड, आणि वापरायच्या वेळी दोन्ही सारखी मिसळायची. पहिल्या द्रावणाला बुरशी लवकर धरते, म्हणून लागेल तेवढंच करावं. एका कापडाला मिसळलेलं द्रावण अर्धा लिटरच्या आसपास लागलं. अंधाऱ्या खोलीत लावून वाळवलं, वर पऱ्हाटी पसरली आणि फेब्रुवारीच्या भर दुपारच्या उन्हात आठ-दहा मिनिटं ठेवलं. धुताना पहिल्या पाण्यात लिटरमागे चमचाभर लिंबूसत्त्व टाकलं, कारण काळ्या मातीतल्या विहिरींचं पाणी जड आणि थोडं खारवट असतं आणि निळाईला ते मानवत नाही. ही शेवटची गोष्ट कलावंत बाईंना पक्की ठाऊक होती. पाण्याचा जो दोष त्या जाणून होत्या, तोच दोष भिंतीत दसपट असेल, हे मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही.

अडचण

आयोजक म्हणजे गावातलं वाचनालय. गोदाम अठरा मीटर लांब, नऊ मीटर रुंद. वर टिनपत्रे, खाली शहाबादी फरशी, विटांच्या भिंती. मालकांनी एक पैसा भाडं घेतलं नाही. शिवाय गावात पहिल्यांदाच असं काही होतंय म्हणून उद्घाटनाच्या नऊ दिवस आधी त्यांनी स्वखर्चाने सगळ्या भिंतींना चुना मारून दिला. भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या आणि सगळे खूश झाले.

उद्घाटनाला चार दिवस उरले असताना संध्याकाळी दोन कापडं भिंतीला टेकवून, नुसती अंदाज घेण्यासाठी, टांगली गेली. सकाळी कापड भिंतीपासून ओढलं तर मागच्या बाजूला, खांबाच्या कडेला जिथे ते चिकटून होतं तिथे, हातभर लांबीचा पिवळट-बदामी पट्टा उमटलेला. दुसऱ्या कापडाची खालची कडही तशीच. पहाटेची ओल होती आणि चुना अजून कच्चा होता.

पहिला तर्क गंजाचा निघाला, कारण शेजारी शिल्पं ठेवली होती. दुसरा उन्हाचा. रंगारी म्हणाला, “चुन्याचं काई नाई ताई. चुन्यात आमी नेहमीच नीळ टाकतो, निळीले काईच होत नाई.” त्याचं म्हणणं त्याच्या निळीपुरतं खरं होतं. चुन्यात टाकतात ती नीळ बहुतेक अल्ट्रामरीन असते आणि ती चुन्यात टिकते. प्रशियन ब्लू टिकत नाही. म्हणूनच ओल्या चुन्यावरच्या भित्तिचित्रांत तो वापरत नाहीत. दोन्ही रंगांना आपण निळंच म्हणतो, आणि घोळ तिथेच झाला.

निकाल लावला गोदामाच्या राखणदार काकांनी. त्यांनी खिशातली चुन्याची डबी काढली, छपाईच्या एका वाया गेलेल्या पट्टीवर नखाने थोडा चुना लावला आणि वर पाण्याचा थेंब सोडला. बघता बघता निळ्यात पिवळा ठिपका पडला. “पाहा, हे चुन्यानंच खाल्लं,” ते म्हणाले. दुसऱ्या पट्टीवर व्हिनेगरचं पाणी टाकलं, तिला काही झालं नाही.

कारण असं. ताजा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याच्या पाण्याचा सामू (pH) १२ च्या वर असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा खडू व्हायला काही आठवडे लागतात. क्षाराशी गाठ पडली की प्रशियन ब्लू मोडतो आणि मागे गंजासारखं लोहाचं हायड्रॉक्साइड उरतं. उजेडाने फिकी झालेली निळाई अंधारात काही दिवस ठेवली की बरीचशी परत येते. क्षाराने गेलेली अशी परतत नाही. डागाच्या कोपऱ्यावर लिंबूसत्त्वाचं सौम्य पाणी लावून पाहिलं, तेव्हा थोडी पुसट निळाई आली, पण रेषांची धार गेली ती गेलीच.

हळदीच्या चित्रांनाही हाच धोका होता, उलट अंगाने. हळद आणि चुना एकत्र आले की लाल होतात, हे घरोघरी माहीत आहे. ती चित्रं भिंतीला लावली असती तर पिवळ्याची लाली झाली असती.

समोर असलेले पर्याय

शाळेच्या सभागृहाचा विचार सर्वांत आधी झाला. भिंती ऑइलपेंटच्या, म्हणजे रंगाला सुरक्षित. पण बारावीच्या परीक्षेचं केंद्र तिथेच होतं आणि सभागृह पहिल्या मजल्यावर. १४० किलोचं शिल्प जिन्यावरून नेणं कोणी मान्य केलं नसतं, आणि ते बरोबरच होतं.

भिंतींवर ऑइलपेंट मारू, असं दोघांचं म्हणणं होतं. हा पर्याय वरवर सोपा दिसतो, म्हणून तो का नको ते नीट समजून घ्यावं. कच्च्या चुन्यावर तेलाचा रंग धरत नाही. चुना तेलाचा साबण करतो, रंग चिकट राहतो आणि पापुद्रे सुटतात. शिवाय नव्या रंगाचा वास बंद गोदामात आठवडाभर राहिला असता.

सगळी चित्रं काचेच्या फ्रेममध्ये घालून भिंतीवरच लावायची, हा तिसरा पर्याय. कागदांसाठी तो अर्धा बरा, कापडांसाठी शक्यच नाही. त्यात आणखी एक खोड निघाली. नागपूरहून आणलेला ‘ऍसिड-फ्री’ माउंट बोर्ड महाग आणि चांगला होता, पण त्यात खडू मिसळलेला होता, आणि खडूही क्षारधर्मीच. बाकी बऱ्याच छायाचित्रांना असा बोर्ड चालतो, सायनोटाइपला नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे: बोर्डाच्या तुकड्यावर व्हिनेगरचा थेंब टाकून भिंगातून पाहायचं. बारीक बुडबुडे आले तर खडू आहे. इथे आले.

उरला तो चौथा पर्याय, भिंतींना हातच लावायचा नाही. मंडपवाल्याकडून प्लायवूडचे पत्रे घेऊन गोदामात मोकळे उभे करायचे आणि कापडं मध्येच लोंबत सोडायची. प्रदर्शन पंधरा दिवस पुढे ढकलावं हेही कोणीतरी सुचवलं, पण मार्चमध्ये ऊन चढतं, टिनपत्र्याखाली दुपारी उभं राहवत नाही, आणि चुना पंधरा दिवसांत पिकतो याची खात्री नव्हती. आमच्या मते चौथा पर्याय निवडला तो बरोबर निवडला. फक्त तो पहिल्या दिवशी निवडायला हवा होता.

काय केलं

मंडपवाल्याकडे स्टेजसाठीचे आठ बाय चारचे पत्रे होते. त्यातले १४ घेतले आणि दोन-दोन बिजागरीने जोडून कोनात उभे केले. अशा सात जोड्या झाल्या. कोन काटकोनापेक्षा थोडा मोठा ठेवला की जोडी ढकलली तरी पडत नाही. प्रत्येक जोडीखाली दोन विटांचा थर, भिंतीपासून कमीत कमी एक फूट अंतर. प्लायवर दोनदा धुतलेला मांजरपाट ताणला. मंडपाचं रंगीत कापड वापरू नये, ओल लागली की रंग सोडतं. कागदी चित्रांमागे खडू नसलेला जाड सुती कागद घातला. तोही आधी व्हिनेगरच्या थेंबाने तपासला.

चित्राचा मध्य गॅलरीत साधारण १४५ सेंटिमीटरवर ठेवतात. इथे पाचवी-सातवीची मुलं येणार होती, म्हणून १३५ वर आणला.

कापडांसाठी छताचा भार तोलणाऱ्या कैचीच्या दोन बाजूंना जाड तार ताणली आणि वर-खाली बांबूच्या दांड्या घातल्या. लोखंडी खिळे आणि सेफ्टी पिना पूर्ण बंद, कारण ओल्या सकाळी त्यांचाच डाग पडतो. शिल्पाची टोकं आणि हलतं कापड यांच्यात मीटरभर अंतर ठेवलं. खराब झालेल्या दोन कापडांपैकी एक नव्याने करण्याइतकीच रसायनं शिल्लक होती. एका रात्रीत लावणं, दुसऱ्या दुपारी ऊन, संध्याकाळी धुणं, असं ते वेळेत झालं. दुसरं कापड पट्ट्यासकट लावायचं कलावंत बाईंनी ठरवलं आणि पाटीवर स्पष्ट लिहिलं: हा पट्टा चुन्याने पडला आहे.

लोखंडाचं काम वेगळं होतं. शहाबादी फरशीवर लाकडी हातोडीने ठोकत गेलं की पोकळ जागा आवाजाने कळते. मोठ्या शिल्पासाठी ठरवलेली मधली जागा नेमकी पोकळ निघाली. १४० किलो तीन टोकांवर, प्रत्येक टोक जेमतेम चार चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास बारा किलो. खालचा मुरूम बसला असेल तर फरशीला हे चालत नाही, तडा जातो.

त्याहून गंभीर होतं ते शिल्प उलटण्याचं. पायांचा त्रिकोण अरुंद होता. मध्यापासून कडेपर्यंत अवघे १५ सेंटिमीटर. हिशोब केला: १४० गुणिले ०.१५, भागिले जमिनीपासून १.२ मीटर उंचीवरचा धक्का, उत्तर साडेसतरा किलो. बारा वर्षांचं मूल अंग टाकून टेकलं तरी एवढा जोर येतो. वेल्डरने ८० बाय ८० सेंटिमीटरचा सहा मिलिमीटरचा पत्रा खाली जोडला आणि कोपऱ्यांना त्रिकोणी आधार दिले. पत्र्याचं वजन काढायला सोपं: एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाड पोलादी पत्रा ७.८५ किलो. तेव्हा हा साधारण ३० किलोचा झाला. आता तोच हिशोब १७० गुणिले ०.४, भागिले १.२ म्हणजे ५६ किलोच्या वर. भारही फरशीवर पसरला. हे वेल्डिंग गोदामाबाहेर, चित्रं आत येण्याआधी उरकलं. ग्राइंडरची लोखंडी भुकटी निळ्या छपाईच्या कच्च्या कागदावर पडली तर उजेड न दाखवताही निळे ठिपके उठतात. कलावंत बाईंच्या कार्यशाळेत सुरुवातीला नेमकं हेच होत होतं. ब्रशची लोखंडी पट्टीही तोच त्रास देते.

शिल्प ट्रॉलीतून उतरवायला गोदामाच्या कैचीला चेनपुली बांधली नाही. जुन्या कैचीचा भरवसा नव्हता. तीन पायांची घोडी उभी करून तिच्यावर पुली लावली. गंज जागेवर राहावा आणि हाताला लागू नये म्हणून मेणाचा हात दिला: एक भाग मधमाशीचं मेण, तीन भाग टर्पेंटाइन. मेण गरम पाण्याच्या भांड्यात वितळवायचं आणि विस्तव विझवून, दूर नेऊन मगच टर्पेंटाइन घालायचं. शिल्प दुपारी उन्हात तापवलं की मेण आत मुरतं.

उजेडाचा बंदोबस्त थोडक्यात. छताच्या टिनपत्र्यांमध्ये तीन पारदर्शक पत्रे होते, ते ताडपत्रीने झाकले. अशा नाजूक कामांना ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड पुरतो. बारा दिवस, रोज आठ तास, म्हणजे ४,८०० लक्स-तास. भर दुपारचं थेट ऊन एक लाख लक्सच्या घरात असतं, तेव्हा तेवढाच उजेड उन्हाच्या कवडशात तीन मिनिटांत पडतो. हा आकडा सांगितल्यावर ताडपत्री कोणी काढू दिली नाही. रसाची चित्रं पक्की करण्याचा उपायच नाही, म्हणून ती वजनकाट्याच्या अंधाऱ्या खोलीत लावली. प्रत्येकावर कापडी पडदा, पाहणाऱ्याने उचलायचा आणि सोडायचा. वीज जाण्याची तयारी इन्व्हर्टरने केली.

काय झालं

प्रदर्शन ठरल्या दिवशी उघडलं. शाळा आल्या, आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतले लोक आले. सर्वांत जास्त वेळ लोक थांबले ते अवजारांच्या शिल्पांपाशी. एका शिल्पाच्या पाटीवर ‘वखराची पास’ लिहिलं होतं. एक म्हातारे शेतकरी जवळ गेले, पात्यावरून अंगठा फिरवला, वीत लावून मोजलं आणि म्हणाले, “हे वखराची नोहे बाप्पा, डवऱ्याची हाय. वखराची याच्या दुप्पट असते.” त्यांचं म्हणणं अचूक होतं. वखर अख्खी जमीन मोकळी करतो, त्याची पास लांब. डवरा दोन ओळींमध्ये चालतो, त्याची आखूड. त्याच संध्याकाळी सगळ्या पाट्या दोन शेतकऱ्यांना दाखवून तपासून घेतल्या. आणखी दोन चुका निघाल्या.

आठव्या दिवशी अवकाळी पाऊस आला, वाऱ्यासकट. टिनपत्र्याच्या खिळ्यांपाशी पाणी गळलं आणि भिंतींवरून चुन्याचे पांढरे ओघळ फरशीपर्यंत आले. भिंतीवर काही असतं तर वाचलं नसतं. फूटभर अंतर आणि खालच्या दोन विटा यांनी कागद वाचवले. एका जोडीचा मांजरपाट तळाशी भिजला, चित्रापर्यंत ओल पोचली नाही. मोठ्या शिल्पाच्या एका सांध्यात पाणी साचलं आणि दुसऱ्या दिवशी फरशीवर तांबडा ओघळ दिसला. मेण वरून दिलं होतं, सांध्याच्या आत पोचलंच नव्हतं.

पळसाची चित्रं शेवटी शेवटी बरीच उतरली होती. पडदे होते, पण मुलं उचलून तसेच धरून ठेवत. हळदीची त्याहून फिकी झाली.

वेगळं काय करता आलं असतं

निर्णायक क्षण चुना मारण्याच्या आधीचा होता. मालकांनी मनापासून केलं, आणि त्यांना थांबवणं कोणाचं काम आहे हे ठरलेलंच नव्हतं. जागा बघायला गेलं त्याच दिवशी मालकांना एवढं सांगायला हवं होतं: भिंतींना काही लावू नका, झाडून घ्या. उदार माणसाला नको म्हणणं जड जातं. पण कारण सांगितलं असतं, हळद-चुन्याचं उदाहरण दिलं असतं, तर त्यांना ते एका क्षणात पटलं असतं.

भिंत तपासणं दोन मिनिटांचं काम आहे. चिमूटभर हळद पाण्यात कालवून भिंतीवर बोट ओढायचं. लाल झाली तर त्या भिंतीला सायनोटाइप लावायचा नाही. मागे काही घातलं तरी नाही, कारण ओल वाट काढते. जुन्या, पिकलेल्या चुन्यावर लाली कमी येते. तरी अंतर ठेवावंच.

शिल्पाची ढकलून पाहण्याची परीक्षा कार्यशाळेतच व्हायला हवी होती. गोदामात येईपर्यंत थांबल्याने वेल्डरचा एक पूर्ण दिवस गेला, आणि तो दिवस कापडांना हवा होता. सांध्यांना तळातून बारीक भोक पाडलं असतं तर पाणी साचलं नसतं. रसाच्या चित्रांवर पडद्याऐवजी मागे पडणारं झाकण बसवलं असतं तर हात काढताच ते मिटलं असतं. पाट्या मात्र छापण्याआधी शेतकऱ्यांना दाखवायला हव्या होत्या, या बाबतीत आमच्या मनात दुमत नाही. ज्या लोकांची अवजारं आहेत त्यांच्यापुढे ती चुकीच्या नावाने ठेवणं हा त्यांचा अनादर आहे.

पट्टा पडलेल्या कापडाबद्दल मतभेद राहिला. वाचनालयातल्या काहींना ते लावणं पटलं नाही. लोक नेमकं त्याच्यापुढे उभे राहून पाटी वाचत आणि मग भिंतीला हात लावून पाहत.

उतरवताना आधी कागद, मग कापडं, शेवटी लोखंड असा क्रम ठेवला. फिकी झालेली निळी चित्रं दोन महिने अंधाऱ्या कपाटात ठेवायची ठरली. कापडांच्या घडीवर ‘साबण, सोडा लावू नये’ अशी चिठ्ठी टाचली, दोऱ्याने. जाताना राखणदार काकांनी पुन्हा हळदीचं बोट भिंतीवर ओढून पाहिलं. चुना मारून तीन आठवडे झाले होते. हळद अजून लालच होत होती.